गुणिले सव्वासहा

एप्रिल आला की अबर्डीनच्या बाहेर, आम्ही राहतो त्या बाजूला, रात्री-अपरात्री शेतांतून बॅटऱ्यांचे उजेड हलताना दिसतात. मेंढ्या विण्याचे दिवस! नेमकं याच सुमारास एखादं बर्फाचं वादळ येऊन जातं. इथले लोक त्याला 'लँबिंग स्टॉर्म' म्हणतात, म्हणजे कोकरांचं वादळ. आमचे शेजारी सत्तरी ओलांडलेले शेतकरी आहेत. ते अशा रात्री झोपतच नाहीत. मी तेलाच्या धंद्यातला प्रोसेस इंजिनिअर. मला मेंढ्यांतलं काही कळत नाही, पण दुधाच्या बाटल्या धरायला दोन हात आहेत. म्हणून दरवर्षी दोन-चार संध्याकाळी त्यांच्या गोठ्यात जातो.

यंदाही गेलो होतो. "फिट लाइक?" (अबर्डीनकडच्या बोलीत 'काय, कसं काय?') झालं, हातात बाटली आली, आणि म्हाताऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "भावाची कोकरं कशी आहेत? तीन महिन्यांत किती भरतात?"

म्हटलं, "तेरा किलो."

ते हसले. त्यांची टेक्सेल जातीच्या नराची कोकरं एवढ्या दिवसांत तीस किलोच्या आसपास जातात. पण हसता हसता त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, कारण हे तेरा किलो कुठून सुरू झाले ते त्यांना माहीत आहे. तुम्हाला मात्र माहीत नाही. मंडळी, ही गोष्ट लिहायची मी बरीच वर्षं टाळत होतो. कारण सरळ आहे, तिच्यात चूक माझी आहे.

*

आमचं गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात. पाऊस नावाला. लहानपणी सुगी संपली की धनगरांचे कळप आमच्या रानात बसायला यायचे. दोन-तीन रात्री मेंढ्या शेतात बसवायच्या, लेंडीखत रानाला, त्याबदल्यात धनगराला धान्य. मेंढरांशी आमचा संबंध एवढाच. मी पुण्याला शिकलो, मग गल्फ, मग २००६ साली इथे. धाकटा भाऊ मात्र गावातच राहिला. शेती पावसाच्या भरवशावर, म्हणून २०१७ साली त्याने मेंढीपालन करायचं ठरवलं. पैसे मी पाठवले. चाळीस माद्या घेतल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त 'नारी सुवर्ण'.

ही जात आमच्या शेजारच्याच फलटणची. निंबकर कृषी संशोधन संस्थेने ती तयार केली. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची इवलीशी मेंढी असते. तिच्यात एक जनुक आहे, त्यामुळे ती एका वेताला दोन-दोन, कधी तीन पिल्लं देते. ते जनुक संकरातून आपल्या दख्खनी मेंढीत आणलं. दख्खनी मेंढी एरवी एकच कोकरू देते. ती दोन देऊ लागली तर धनगराचं उत्पन्न किती वाढेल, हा त्यामागचा विचार, आणि तो चोख आहे.

फक्त एक गोष्ट आम्हा दोघा भावांच्या डोक्यात शिरली नव्हती. कोकरं दोन झाली म्हणून आईचं दूध दुप्पट होत नाही. थोडं वाढतं, पण दुप्पट नाही. आणि कोकराचं एक किलो वजन वाढायला ढोबळमानाने पाच लिटर दूध लागतं. म्हणजे जुळ्यातल्या प्रत्येकाला अर्धपोटी राहावं लागणार, आणि उरलेलं कुठून तरी भरून काढावं लागणार.

२०१८ साली पाऊस गेला. माण तालुका दुष्काळी जाहीर झाला. २०१९ च्या मे महिन्यात भावाचा फोन आला.

"दादा, कोकरं वाढतच न्हाईत. पोटं सुटल्यात नुसती. पाठीवर हात फिरवला की मणके लागत्यात. लोकर धरून ओढली की हातात येतीय."

"खायला काय देतोस?"

"कडबा. अन् थोडा मका. पेंडीचा भाव ठावं हाय का तुला?"

ठाऊक नव्हता. पण माझ्याकडे एक्सेल होतं!

*

इंजिनिअर माणसाचा एक रोग असतो. समोर अडचण आली की तो तक्ता मांडतो. मी त्या शनिवारी बसलो. इंटरनेटवरून खाद्यांचे आकडे काढले. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं चार-पाच टक्के, मक्यात नऊ, सरकी पेंडीत वीस-बावीस, शेंगदाणा पेंडीत चाळीसच्या वर. वाढत्या कोकराला हवीत चौदा-सोळा टक्के, अगदी लहानग्याला अठरा-वीस. भावाने पाठवलेले भाव समोर टाकले आणि संगणकाला सांगितलं, सगळ्यांत स्वस्त मिश्रण शोध.

त्यात मी एक ओळ वाढवली होती, युरियाची. जनावरांना थोडा युरिया चालतो हे कुठेतरी वाचलं होतं. आता खाद्यातली प्रथिनं मोजायची पद्धत अशी की प्रथिनं कुणी थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजतात आणि त्याला सव्वासहाने गुणतात. कारण प्रथिनांत साधारण सोळा टक्के नायट्रोजन असतो, आणि शंभर भागिले सोळा म्हणजे सव्वासहा. येणाऱ्या आकड्याला 'क्रूड प्रोटीन' म्हणतात. युरियात नायट्रोजन ४६ टक्के. गुणिले सव्वासहा, उत्तर २८७ टक्के! शंभर किलोच्या पोत्यात दोनशे सत्त्याऐंशी किलो प्रथिनं! आणि भाव? अनुदानावरचा.

संगणकाने अर्थातच युरियावर झडप घातली. पहिल्याच उत्तरात तीन टक्के. ते पाहून मी जरा घाबरलो, आणखी वाचलं, तर एकूण कोरड्या खाद्याच्या एक टक्क्याच्या वर जाऊ नये असं दिसलं. मग एक टक्क्याची मर्यादा घातली, तक्ता भावाला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तो नियम मोठ्या जनावरांसाठी होता, दोन-तीन आठवडे हळूहळू सवय लावलेल्यांसाठी, सोबत धान्य असणाऱ्यांसाठी आणि दिवसभरात थोडं थोडं खाणाऱ्यांसाठी. हे सगळं तिथेच लिहिलेलं होतं. मी आकडा उचलला आणि बाकीचं सोडून दिलं.

भावाने सांगितल्याबरहुकूम केलं. युरिया पाण्यात विरघळवला, कडब्याच्या कुट्टीवर शिंपडला, सकाळी उपाशी कोकरं गव्हाणीवर सोडली. तगडी कोकरं पुढे घुसली. गव्हाणीच्या सखल कोपऱ्यात थोडं पाणी साचलं होतं, तेही चाटून गेली.

इथे सकाळचे पाच वाजले असतील. फोन वाजला. मागून आईचा आवाज येत होता, बाकी कुणाचं काही कळत नव्हतं. कोकरं थरथरत होती, दात खात होती, तोंडाला फेस, पोटं टम्म. भावजयीने गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला होता. ते म्हणाले, मी निघालोय, तोवर व्हिनेगर पाजा आणि भरपूर गार पाणी. आता माण तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरात व्हिनेगर कुठून असणार? पुतण्या मोटारसायकलवरून फाट्यावरच्या चायनीजच्या गाडीवर गेला आणि तिथल्या बाटल्या उचलून घेऊन आला. त्यावर दोन कोकरं वाचली. नऊ गेली.

दुपारी भाऊ पुन्हा बोलला. आवाज अगदी शांत होता.

"दादा, तुझं गणित चुकलं का माझं मिसळणं?"

मी म्हणालो, "मिसळताना नीट पसरलं नसणार."

हे मी बोललो. आठ हजार किलोमीटरवरून, खुर्चीत बसून.

*

त्यानंतर दोन महिने मी तो तक्ता उघडला नाही. ऑगस्टमध्ये शेजाऱ्यांकडे कोकरं आईपासून तोडायचं काम चाललं होतं, तिथे सहज म्हणून त्यांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मला एका कुंपणापाशी घेऊन गेले. कुंपणाला उभ्या गजांची चौकट होती, गजांतलं अंतर एवढंच की कोकरू आत जाईल, मेंढी जाणार नाही. आत कोकरांसाठी वेगळा खुराक. म्हणाले, "कोकरू म्हणजे लहान मेंढी नव्हे. तो वेगळाच प्राणी आहे. मेंढी व्हायला त्याला दोन महिने लागतात."

मग मी शिकायला बसलो. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा!) मला जे शिकायचं होतं ते बरंचसं माझ्याच गावात, अबर्डीनमध्ये, शोधलं गेलेलं होतं. इथे रॉवेट नावाची संस्था आहे, १९१३ साली स्थापन झालेली. तिचे पहिले संचालक जॉन बॉइड ऑर यांना पुढे १९४९ साली शांततेचं नोबेल मिळालं. माणसांच्या आणि जनावरांच्या पोषणावर तिथे शंभर वर्षं काम झालंय. २००८ पासून ती अबर्डीन विद्यापीठाचा भाग आहे. तिच्या जुन्या जागेवरून मी कित्येकदा विमानतळाकडे गेलोय, कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

तर मेंढीच्या पोटात काय चालतं ते सांगतो. मेंढीला चार कप्प्यांचं पोट. त्यातला पहिला मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट, दहा-पंधरा लिटरची आंबवण्याची टाकीच. तापमान एकोणचाळीस अंश, हवा नाही, आणि आत अब्जावधी जंतू. मेंढी चारा खाते तो आधी या जंतूंना मिळतो. ते कडब्यातला तंतू फोडतात आणि त्यातून आम्लं तयार करतात, त्या आम्लांवर मेंढी जगते. खाद्यातली प्रथिनंही जंतूच फोडतात, अगदी अमोनियापर्यंत. मग त्या अमोनियापासून स्वतःचं शरीर बांधतात, वाढतात, आणि पुढच्या कप्प्यांत वाहून जातात. चौथं पोट हे आपल्यासारखं खरं पोट. तिथे जंतू मरतात, पचतात. म्हणजे मेंढी गवत खाते असं आपण म्हणतो, पण प्रथिनांपुरती ती जंतू खाऊन जगते!

जंतूंना अमोनिया कुठूनही आलेला चालतो. म्हणून युरिया चालतो. मेंढी स्वतःसुद्धा हेच करते. तिच्या यकृतात तयार झालेला युरिया सगळा लघवीतून जात नाही, काही लाळेतून आणि कोठीपोटाच्या भिंतीतून परत टाकीत येतो. उन्हाळ्यात वाळलेल्या काड्यांवर मेंढी तग धरते त्यामागे ही काटकसर आहे. इथवर माझा तक्ता बरोबर होता.

चुकलं ते पुढे. अमोनियापासून प्रथिन बांधायला जंतूंना ऊर्जा लागते, आणि ती त्याच वेळी लागते. युरिया तासाभरात फुटून अमोनिया होतो. कडब्यातला तंतू फुटायला दीड-दोन दिवस. गवंड्यासमोर विटांचा ट्रक सकाळी आठला ओतला आणि सिमेंट परवा येणार, अशी गत. मधल्या वेळात अमोनिया टाकीच्या भिंतीतून रक्तात जातो. यकृत तो निस्तरत राहतं, पण त्याची एक मर्यादा असते. ती ओलांडली की अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. व्हिनेगरने काय होतं तेही तेव्हा कळलं. आम्लात अमोनियाचा अमोनियम होतो आणि तो भिंतीतून सहजासहजी जात नाही. गार पाण्याने युरिया फुटायचा वेग मंदावतो. हे तर मला बारावीत येत होतं!

ग्रंथालयात मला १९७९ सालचा एक निबंध मिळाला. रॉवेटमधले ओर्स्कोव आणि मॅकडोनाल्ड यांचा. त्यांची पद्धत इतकी साधी की हसू येतं. नायलॉनच्या छोट्या पिशव्यांत खाद्य भरायचं आणि मेंढीच्या कुशीला बसवलेल्या झाकणातून कोठीपोटात सोडायचं. दोन तासांनी एक पिशवी काढायची, चार तासांनी दुसरी, मग आठ, सोळा, चोवीस, अठ्ठेचाळीस. आत किती उरलं ते मोजायचं. त्यावरून कुठलं प्रथिन किती वेगाने फुटतं ते समीकरणात बसवायचं. आणि फुटायच्या आत किती पुढे वाहून जातं? तर फुटण्याचा वेग आणि वाहण्याचा वेग यांच्या स्पर्धेवर ते ठरतं.

मी ते समीकरण पाहिलं आणि कागद खाली ठेवला. सतत ढवळत्या टाकीत एकीकडून माल येतोय, आत प्रक्रिया चालू आहे, दुसरीकडून बाहेर जातोय, तर किती माल प्रक्रियेत सापडेल? हेच समीकरण मी पंचवीस वर्षं वापरतोय. नव्या मुलांना तेच तर शिकवतो, की नुसता 'किती'चा ताळा जमला म्हणजे झालं नाही, 'किती वेगाने' हे विचारा. मेंढीच्या पोटापाशी आलो आणि मी स्वतःच ते विचारलं नाही, कारण मला ती टाकी दिसलीच नाही. मला एक पोतं दिसलं, २८७ टक्क्यांचं.

*

आता कोकराकडे येऊ. म्हातारेबुवा म्हणाले ते शब्दशः खरं आहे. जन्मलेल्या कोकराचं कोठीपोट अगदी लहान असतं, चौथं पोट मोठं. दूध पिताना अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटून नळी तयार होते आणि दूध कोठीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जातं. जंतूंच्या तावडीत न सापडता आईचं अस्सल प्रथिन जसंच्या तसं मिळतं. मग कोकरू इकडेतिकडे तोंड मारू लागतं. धान्याचे दाणे, कोवळा पाला पोटात आंबतो, त्यातल्या आम्लांनी कोठीपोटाची भिंत वाढते, आणि साधारण दोन महिन्यांत ती टाकी कामाला लागते. त्याआधी नुसता कडबा दिला तर तो नीट फुटत नाही, साचतो. भाऊ म्हणत होता ना, पोटं सुटल्यात? ते हेच. पोट भरलेलं आणि कोकरू उपाशी.

आणि टाकी तयार झाली तरी ती वाढत्या कोकराला पुरत नाही. ढोबळ हिशोब करून दाखवतो. वीस किलोचं कोकरू घ्या. दिवसाला सातशे ग्रॅम कोरडा चारा खातं. तो कडब्यासारखा असेल तर निम्मा पचतो, म्हणजे साडेतीनशे ग्रॅम. पचणाऱ्या दर शंभर ग्रॅमवर जंतू साधारण तेरा ग्रॅम प्रथिन बांधतात. झाले पंचेचाळीस. त्यातलं खरं प्रथिन आणि त्यातलं पचणारं धरलं तर हाती लागतात तीसच्या आत. आता गरज बघा. अंगाची रोजची झीज भरायला वीस-एक ग्रॅम. रोज शंभर ग्रॅम वजन वाढायचं तर त्यात पंधरा-एक ग्रॅम प्रथिन साठतं, आणि तेवढं साठायला पंचवीस ग्रॅम लागतं. वर लोकर. बेरीज पन्नासच्या घरात. म्हणजे जंतूंनी जीव तोडून काम केलं तरी वीस ग्रॅम कमीच! ही तूट युरियाने कधीच भरत नाही, कारण युरिया जंतूंना मिळतो आणि जंतूंचा हात ऊर्जेने बांधलेला. ती भरायला असं प्रथिन लागतं जे कोठीपोटात फुटण्याआधी पुढे निसटेल. त्याला 'बायपास प्रोटीन' म्हणतात. मोठ्या मेंढीची वाढ थांबलेली असते, तिला एवढी अडचण नाही. म्हणून तर कोकराच्या खुराकात सुरुवातीला अठरा-वीस टक्के प्रथिनं लागतात, वीस किलोला सोळा पुरतात, तीस किलोला चौदा.

लोकरीची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. लोकर म्हणजे निव्वळ प्रथिन, तेही गंधकवालं. रीस आणि शिंकेल या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात दाखवलं की गंधकाचं अमिनो आम्ल, सिस्टीन, रोज ग्रॅम-दोन ग्रॅम थेट चौथ्या पोटात सोडलं तर लोकर जोरात वाढते. तोंडाने दिलं तर बरंचसं वाटेत जंतूच गट्टम करतात. कोकराला प्रथिन कमी पडलं की धागा बारीक होतो, कमकुवत होतो. हातात आलेली ती लोकर म्हणजे मे महिन्यातला अहवालच होता. मी तो वाचला नाही, तक्ता केला.

*

२०१९ च्या दिवाळीला गावी गेलो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी भावाबरोबर वाडग्यापाशी बसलो होतो. म्हटलं, "मिसळणं बरोबर होतं तुझं. गणित चुकलं होतं."

तो काहीच बोलला नाही. मग मी टाकी सांगितली, विटा आणि सिमेंट सांगितलं, दीड-दोन दिवसांचा कडबा सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला ठाव हुतं."

"काय?"

"मिसळणं बरुबर हुतं ते. मीच मिसळलं हुतं की. पर तू म्हणलास म्हणून गप बसलो." थोड्या वेळाने म्हणाला, "आईला मात्र सांग. ती आजून माझ्यावर चिडती कोकरांवरनं."

आईला सांगितलं. ती म्हणाली, "दोघं बी शिकलेलं, अन् मुक्या जिवाला कळत न्हवतं का त्यास्नी काय होतंय?" यावर काय उत्तर देणार?

दुसऱ्या दिवशी आमच्या रानात पूर्वी कळप बसवणारे धनगर आबा आले. ऐंशीच्या घरातले. मी त्यांना विचारलं, "आबा, तुम्ही दुष्काळात कोकरांना काय देत होता?"

"काय देणार? बाभळीच्या शेंगा. आकडीनं पाडायच्या. मेंढीला चारा, कोकराला शेंग. शेंगंवर कोकरू धरतं."

मी अबर्डीनला आल्यावर शोधलं. बाभळीच्या शेंगेत प्रथिनं बारा-तेरा टक्के, म्हणजे फार नाहीत. पण तिच्यात टॅनिन असतं, ज्याने कातडी कमावतात ते. टॅनिन प्रथिनाला धरून ठेवतं, कोठीपोटात ते जंतूंच्या हाती चटकन लागत नाही. पुढे चौथ्या पोटातल्या आम्लात पकड सुटते. अती झालं तर उलट पचन बिघडतं, म्हणून सगळ्या खुराकाची जागा शेंगेला देता येत नाही. पण मूठ-मूठ शेंग म्हणजे माणदेशातलं बायपास प्रोटीन! नायलॉनच्या पिशवीशिवाय सापडलेलं. आबांना मात्र कुणी एक्सेल पाठवलं नव्हतं.

मग आम्ही दोघांनी मिळून नवीन खुराक ठरवला. या वेळी भाव मी विचारले आणि काय मिळतं, काय परवडतं ते त्याने ठरवलं. गजांची चौकट गावच्या लोहाराकडून करून घेतली. आत कोकरांसाठी भरडलेला मका, शेंगदाणा पेंड, सरकी पेंड, तूर चुणी आणि क्षार. शेंगदाणा पेंड लवकर फुटते, ती जंतूंसाठी. सरकी पेंड त्यामानाने सावकाश, तिचं बरंच पुढे निसटतं, ती कोकरासाठी. विहिरीवर दोन गुंठे लसूणघास. उन्हाळ्यात शेंगा. जुळ्यांच्या आईला व्यायच्या आधी महिना-दीड महिना जादा पेंड, कारण कोकराचं पहिलं दूध तिथेच ठरतं. खर्च वाढला. कडब्याच्या मानाने किलोमागे कितीतरी जास्त. पण किलो खाद्याचा भाव काढण्याऐवजी एक किलो वजन वाढायला किती रुपये लागले ते लिहायला लागलो, तेव्हा कडबाच महाग निघाला. कारण कडब्यावर वजन वाढतच नव्हतं.

युरियाला भाऊ आजही हात लावत नाही. मोठ्या मेंढ्यांना कडबा प्रक्रिया करून देता येतो, त्याची शास्त्रशुद्ध पद्धत आहे, वगैरे मी एकदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तुझ्या तिकडं देत्यात का?"

शेजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "मी देत नाही. हे बघ, आमच्याकडे व्हिस्कीच्या भट्ट्यांतून उरलेलं धान्य स्वस्तात मिळतं. प्रथिन उत्तम, पोटात टिकणारं. पण त्यातल्या एका प्रकारात तांब्याच्या भांड्यांतलं तांबं उतरलेलं असतं. गाईला चालतं, मेंढीच्या यकृतात ते साठत जातं आणि एक दिवस मेंढी मरते. पिशवीवर प्रथिनाचा आकडा छापलेला असतो. आत आणखी काय आहे आणि कुणाच्या पोटात जाणार आहे, ते आपल्याला विचारावं लागतं."

*

परवा भावाने फोटो पाठवला. काट्याला टांगलेलं कोकरू, जुळ्यातलं धाकटं, तीन महिन्यांचं. तेरा किलो दोनशे ग्रॅम. त्या मे महिन्यात एवढ्या वयाची कोकरं सात-आठ किलोंवर अडकली होती. खाली लिहिलं होतं, 'दादा, तुझ्या तक्त्यात भर.'

तक्ता आता त्याच्याकडे असतो. त्यात मी एक रकाना वाढवलाय, 'कोकराचं वय', आणि एक 'खाल्ल्यावर किती वेळ'. युरियाची ओळ काढून टाकलेली नाही. तशीच ठेवली आहे, २८७ या आकड्यासकट, समोर नऊ लिहून.

असो. बाहेर पुन्हा बर्फ सुरू झालंय. शेजाऱ्यांच्या शेतात बॅटरी हलतेय. बाटल्या धरायला जायला हवं.